आईच्या लुगड्यांची गोधडी शिवताना राग येतो, त्याचं काय करायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला कळेल. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. नोकरी सोडून तुम्ही तिचं सगळं केलंत. ती जाऊन सात महिने झाले. घरात तिच्या लुगड्यांची ट्रंक आहे. नात्यातल्या कुणीतरी सुचवलं की त्यांची गोधडी शिव, मनाला शांती मिळेल, आणि देवाने हे दिवस का दाखवले तेही हळूहळू उमगेल. तुम्ही शिवायला बसलात. शांती राहिली बाजूला, सुई हातात घेतली की राग उसळतो. भावंडांवर, डॉक्टरांवर, देवावर, कधी आईवरसुद्धा. तिच्या आवडत्या हिरव्या नऊवारीला कात्री लावायचा धीर होत नाही. आणि तुम्ही विचारता, हातकामातून दुःखाला आध्यात्मिक अर्थ मिळतो हे खरं आहे की नुसतं बोलायचं? खरं असेल तर माझंच काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही. मी सातारा जिल्ह्यातली. गोधड्या शिवते आणि बायकांना शिकवते, त्यातच केस पिकले. माझ्याकडे हौसेने येणाऱ्या बायका असतात, तशा तुमच्यासारख्या गाठोडं घेऊन येणाऱ्याही असतात. गाठोडं सुटतं, वरती कुणाच्यातरी सदऱ्याची घडी दिसते, आणि त्या दिवशी शिवणकाम फारसं होत नाही. अशा बायकांसोबत बसून जे कळलं ते सांगते.

आधी एक गोष्ट विचारून घेते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. झोप लागते का? जेवण जातं का? सात महिन्यांनंतरही रात्रच्या रात्र डोळा लागत नसेल, किंवा आपण नसलेलंच बरं असं मनात येत असेल, तर गोधडी बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे, १४४१६ वर फोन लावला की मराठीतही बोलता येतं. सुई-दोरा हे त्या दुखण्यावरचं औषध नाही आणि तसं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. झोप-जेवण बऱ्यापैकी चालू असेल आणि मन मात्र भरून येत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

राग का येतो? माझ्या पाहण्यात असं आहे, की आजारी माणसाचं करताना स्वतःचं काही वाटून घ्यायला सवड नसते. औषधाच्या वेळा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री उठून कूस बदलणं, चादरी, भेटायला येणाऱ्यांचा चहा. सगळं आत ढकललेलं राहतं. धावदोऱ्याला डोकं लागत नाही. हात गुंततात, मन मोकळं सुटतं आणि दोन वर्षं दाबलेलं वर येतं. पहिल्या दिवसांतच शांत वाटलं असं सांगणारी बाई मला क्वचितच भेटली. बहुतेकींना आधी रडू येतं किंवा राग येतो, काहींना नुसतं सुन्न वाटतं. तेव्हा गोधडीने तुम्हाला फसवलेलं नाही. तुम्हाला सांगणाऱ्यांनी मधला टप्पा सांगितला नाही, एवढंच.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. एक, हे आमच्याच वाट्याला का आलं? दुसरा, आलंच आहे तर त्याचं मी आता करू काय? पहिल्याचं उत्तर गोधडीत नाही. तुमच्या आईने दोन वर्षं सोसलं ते तुम्हाला काहीतरी शिकायला मिळावं म्हणून, असं कुणी म्हणत असेल तर ते मानू नका. मी देव मानणारी बाई आहे, तरी मला हा विचार सहन होत नाही. त्यात आईचं दुखणं तुमच्या धड्याचं साधन होऊन बसतं. तुम्हाला देवाचा राग येतोय त्यातला निम्मा बहुधा या सांगण्याचा आहे.

आपल्या संतांकडेही पहिल्या प्रश्नाचा तयार खुलासा मला कुठे सापडलेला नाही. जनाबाईचंच घ्या. गंगाखेडची पोर, लहानपणी पंढरपुरात नामदेवांच्या घरी आली आणि जन्मभर दासी म्हणून राबली. दळण, कांडण, शेण, पाणी. विठ्ठल रात्री येऊन तिच्याबरोबर जातं ओढायचा, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्या कथेचा पुढचा भाग मात्र गोधडी शिवणारीने कधी विसरू नये. एका पहाटे काकड्याची वेळ झाली, देव घाईने उठला आणि स्वतःचा शेला, गळ्यातलं पदक तिच्याकडेच राहिलं. अंगावर जनीची वाकळ, म्हणजे गोधडीच, घेऊन तो राउळात गेला. मग पदकाच्या चोरीचा आळ तिच्यावर आला, सुळावर द्यायला नेलं आणि त्या सुळाचं पाणी झालं.

आळ, सूळ, चमत्कार हे सगळं आहे, पण मी अडकते ती आधीच्या दोन गोष्टींवर. देव आला, पण तिचं जातं सुटलं नाही. दुसऱ्या दिवशीही दळण होतंच. तुला का दासीचा जन्म दिला, हेही त्याने सांगितल्याचं कथेत नाही. तो खुंट्याला हात लावायला आला, आणि जाताना तिच्या चिंध्यांची ऊब अंगावर घेऊन गेला. पीतांबरवाल्याला चिंध्यांची वाकळ चालली. ज्या बाईने ही कथा पहिल्यांदा दुसरीला सांगितली असेल, तिच्या घरातही वाकळच असणार.

आणि रागाबद्दल म्हणाल तर हीच जनाबाई त्या विठ्ठलाला ‘अरे विठ्या’ म्हणून, कारट्या म्हणून शिव्या देते. तुकोबांच्या वाट्याला १६३० च्या आसपासचा भीषण दुष्काळ आला, त्यात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, धंदा बुडाला. त्यांच्या अभंगांत देवाशी केलेली भांडणं कमी नाहीत. वारकऱ्यांच्या घरात देवावर रागावणं म्हणजे देवापासून तुटणं असं कुणी समजत नाही. सुई हातात असताना तुम्हाला देवाला चार शब्द सुनवावेसे वाटले तर खुशाल सुनवा.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र गोधडी खरंच काही करते. ते मी पुस्तकातून शिकले नाही. माझे यजमान गेले तेव्हा मुलगी प्राथमिक शाळेत होती. सासूबाईंचा तो एकुलता एक मुलगा. आम्ही दोघी एका घरात राहून एकमेकींकडे बघत नव्हतो. महिनाभराने त्यांनी सोप्यात वाकळ अंथरली. खाली त्यांचं जुनं लुगडं, आत धोतरं, वरच्या बाजूला मुलाचे सदरे उसवून लावायचे होते. मला म्हणाल्या, ‘ती कड धर.’ त्या एका कडेला, मी समोरच्या कडेला. एका सदऱ्याचा खिसा मी उसवायला घेतला तर म्हणाल्या, ‘राहू दे तो. तोंडाला टाका घालू नको त्याच्या.’ खिशाच्या तळाशी एस.टी.चं तिकीट होतं, धुऊन धुऊन त्याचा गोळा झाला होता. त्यांनी तो बाहेर काढून पाहिला आणि परत आत ठेवला.

त्या दिवसांत आम्ही देवाधर्माचं काही बोललो नाही. दोन्ही कडांनी आत आत येत गेलो आणि जसजशी वाकळ भरत गेली तसतशा दोघी जवळ आलो. पुढे माझी मुलगी त्या खिशात हात घालून झोपायची. यजमान का गेले ते मला त्या वाकळेने सांगितलं नाही, आजही माहीत नाही. पण समोर बसलेल्या बाईचंही तेवढंच गेलंय, हे मला तिथे बसून दिसलं. त्याआधी दिसत नव्हतं. अध्यात्म या शब्दाचा माझ्यापुरता जो अनुभव आहे तो हाच. आपल्या दुःखात बसल्या बसल्या शेजारच्याचं दुःख दिसायला लागलं, आणि त्याच्यासाठी हात हलले.

म्हणून माझा पहिला सल्ला शिवणीचा नाही. एकट्या बसू नका. तुमच्या आईला बहीण असेल, जाऊ असेल, जुनी शेजारीण असेल, तिला एक दुपार बोलवा. त्यांना ही लुगडी ओळखीची असतात. हे कुठल्या लग्नात नेसली होती, हे कुणी घेतलं होतं, कशावरून रुसली होती, असं बोलणं निघतं. दोन वर्षांच्या आजारपणाने तुमच्या डोळ्यांसमोर आईची एकच मूर्ती ठेवली आहे, अंथरुणातली. मावशीकडे वीस वर्षांची आई आहे. ती तुम्हाला एकटीने शिवून मिळणार नाही. भावंडांवर राग असेल तर त्यांना इतक्यात बोलवायची घाई करू नका, ते आपल्या वेळेने होईल किंवा होणारही नाही.

आता कामाचं. पूर्ण गोधडी आत्ताच हातात घेऊ नका. दुःखात माणसाला मोठं काहीतरी पुरं करायची ओढ असते आणि अर्धं राहिलं की त्याचाही सल लागतो. आधी एक बसकर, म्हणजे बसायचं छोटं आसन करा, किंवा घरात तान्हं बाळ येणार असेल तर दुपटं. वारभर कापडाचं काम. हात बसतो, किती जाड सुईतून निघतं ते कळतं. पुरी गोधडी करायची तर नऊवारीचे मधोमध दोन भाग करून काठाला काठ जोडायचा. साधारण चार मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद कापड होतं, ते दुमडलं की वरचा आणि खालचा थर एकाच लुगड्यात निघतो. आत भरणाला जुन्या सुती चादरी, धोतरं. सुती कापड सुतीबरोबरच घ्या. नायलॉन, टेरिकॉट मध्ये आलं की थर सरकतात आणि सुई अडते.

हिरव्या नऊवारीला हात लावू नका. रोज नेसायची ती आधी घ्या, मऊ झालेली, कडेला विरलेली. गोधडी अशाच कापडाची चांगली होते. आवडीचं वस्त्र कापायचं की नाही हे आज ठरवायलाच पाहिजे असं नाही. धुण्याचंही बरेचजणी विचारतात, कारण धुतलं की आईचा वास जाईल ही भीती असते. एखादं लुगडं न धुता पिशवीत बांधून ठेवा. बाकीची मात्र धुवा, रंग जाणारी वेगळी भिजवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी डागाळते आणि न धुतलेल्या कापडाला कसर लागते.

आजारपणातल्या चादरींचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण घरात असतील म्हणून सांगते. त्या बघून किळस येत असेल, रात्री आठवत असतील, तर टाकून द्या. मनाला टोचणी लावून घेऊ नका. तसं होत नसेल तर त्या गोधडीच्या आत घाला. आतलं भरण कुणाला दिसत नाही, पण ऊब त्याचीच असते. माझ्याकडे एक बाई आली होती, नवऱ्याच्या शेवटच्या महिन्यांतली चादर घेऊन. तिला ती वर लावायची नव्हती आणि फेकायचीही नव्हती. आत घालता येते म्हटल्यावर तिने पहिल्यांदा हात मोकळे सोडले.

शिवताना आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर बांधून घ्या. मग कड आत मुडपून बाहेरून सुरुवात करायची आणि चौकोनी फेऱ्यांनी आत यायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. दोऱ्याला मेण फिरवून घ्या, गुंता कमी होतो. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला, एरवी जाड थरातून सुई ढकलताना बोटाची चाळण होते. गाठ थरांच्या मध्ये दडवायची. बाहेरून आत येताना कापडाचा झोळ पुढे पुढे सरकत राहतो. दर फेरीला तळहाताने तो पसरून घ्यावा लागतो. कितीही पसरला तरी मध्यावर थोडा उरतोच, आणि तो टाक्यांत मावून घ्यायचा असतो. सपाट, इस्त्री केल्यासारखी गोधडी मी कुणाची पाहिलेली नाही. तुम्ही लिहिलंय की मध्ये सुरकुत्या येतात म्हणून उसवून टाकली. उसवू नका.

नाम घ्यावं का? घेता येत असेल तर टाक्याला टाका लावून घ्या, श्वासही त्याच लयीत येतो. घशाशी येत असेल तर घेऊ नका. आईला हाक मारा, किंवा नुसते टाके मोजा. देव नसलेली वाटही आपल्याकडे जुनी आहे. भिक्खूंचं चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, कापडाचे तुकडे जोडूनच होतं. मगधातली बांध घातलेली शेतं पाहून बुद्धांनी आनंद नावाच्या शिष्याला तशा नमुन्याचं चीवर करायला सांगितलं, असं विनयपिटकात, भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात आहे. टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून अंगावर घेण्याची परंपरा त्यांची. अंगावरच्या चिंध्यांमुळे गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. देवळातला देव त्यांनी कधी फार मनावर घेतला नाही, पण रंजल्यागांजल्यांसाठी धर्मशाळा बांधल्या. तुमचा विश्वास आत्ता कुठे आहे यावरून तुमच्या हातच्या कामाची किंमत ठरत नाही.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: राग वर येणं हे काम सुरू झाल्याचं लक्षण आहे, ‘का’ या प्रश्नासाठी गोधडीकडे बघू नका, सोबत कुणालातरी घ्या, लहान काम धरा. याच्या पुढचं एक सांगायचंय, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा कैद्यांपुढे गीतेवर बोलले. त्यात त्यांनी कर्म आणि विकर्म अशी जोडी सांगितली. बाहेरून हात करतात ते कर्म, त्यात आतून जीव ओतणं ते विकर्म. दोन्ही एकत्र आली की कामाचा भार उतरतो. ऐकणारेही तुरुंगातले, बोलणाराही तुरुंगातला, आणि विषय होता रोजचं काम. तुम्ही गोधडीत अर्थ शोधताय. मला तुमचं पत्र वाचून वाटलं की तो दोन वर्षं तुमच्या हातांतच होता. रात्री उठून तुम्ही आईची कूस बदलत होतात, तिचं तोंड पुसत होतात, ते कर्म होतं आणि त्यात जीवही होता. इतक्या दमला होतात की ते दिसायला जागाच उरली नाही. चिडचीड झाली असेल, कधी जोरात बोलला असाल. सगळ्यांचं होतं. त्याने केलेलं पुसलं जात नाही. शिवायला बसलं की हे हळूहळू दिसू लागतं, कारण हात त्याच गतीने चालतात, फक्त आता कुणी विव्हळत नाही. मी हे घडताना पाहिलंय. एखादी बाई टाका घालता घालता थांबते आणि म्हणते, मी केलं हो तिचं. तेवढंच म्हणते. तिथे कितीदा तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलंय.

असं प्रत्येकीचं होईल असं वचन मी देत नाही. काहींना शिवण मानवतच नाही, त्यांना बागेत बरं वाटतं किंवा स्वयंपाकात. दोन-तीन महिने करून पाहा, जबरदस्ती वाटली तर लुगडी घडी करून ठेवा. आणि गोधडी ही काही दुःखावरचा उपाय म्हणून जन्माला आली नाही, हेही विसरू नका. मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बायका ७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या, सुकडी खायच्या, आणि रात्री वाकळ शिवायच्या, कारण पोरांना थंडी वाजायची आणि ब्लँकेट घ्यायला पैसे नव्हते. टंचाईला मी पवित्र म्हणणार नाही. पण त्यांच्या प्रत्येक वाकळेला एक पोर ठरलेलं असायचं, आणि त्यांचे हात कशासाठी चाललेत हे त्यांना कधी शोधावं लागलं नाही.

म्हणून तुमची गोधडी कुणाच्या अंगावर जाणार ते ठरवा. आज नसेल ठरत तर पहिली कड पुरी झाल्यावर ठरवा. भाची असेल, बाबा असतील, आईला अंघोळ घालायला मदत करणाऱ्या मावशी असतील. तुम्ही स्वतः असाल तरी चालेल, दोन वर्षं तुमच्या अंगावर कुणी पांघरूण घातलेलं नाही. फक्त ती चौकटीत लावू नका, कपाटात जपून ठेवू नका. वापरा, पावसाळा सरला की कडक उन्हात टाका, दोनेक वर्षांनी वरचं कापड विरलं की त्यावर दुसरं ठिगळ लावा. हिरवं लुगडं कदाचित तेव्हा कामाला येईल.